दगड किल्ल्याबाहेरचा होता

माझी सगळी नोकरी कालव्यांच्या मातीच्या भरावांवर गेली. त्यामुळे लेकाकडे अमेरिकेला गेलो तेव्हा समुद्राआधी नजर गेली ती फोर्ट फिशरच्या गवताळ टेकाडांवर. नॉर्थ कॅरोलायनात, केप फिअर नदीच्या मुखाजवळचा हा मातीचा किल्ला. दगडी तट तोफगोळ्यांनी फुटतो, वाळू-माती गोळा पोटात घेते, म्हणून असा बांधला. तिथल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेने उभारला, माती वाहिली ती मुख्यतः गुलामांनी. १५ जानेवारी १८६५ ला तो पडला.

पण समुद्राकडची जवळजवळ दीड किलोमीटरची बाजू आज शोधावी लागते. ती काही तोफांनी नेली नाही. किल्ल्यासमोर किनाऱ्यावर शिंपल्यांपासून बनलेला खडक होता, त्याला कोकिना म्हणतात. १९२० च्या दशकात रस्ता करायला तो फोडून नेला. लाटेचा जोर अंगावर घेणारं कोणी उरलं नाही आणि माती वाहत गेली. दुसऱ्या महायुद्धात उरलेल्या तटातून विमानांची धावपट्टीही काढली. खडक नेणाऱ्यांनी किल्ल्याला हातही लावला नव्हता, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

शेवटी १९९० च्या दशकात दगडी बंधारा घातला. त्या राज्यात किनाऱ्यावर असे पक्के बंधारे बांधायला बंदी आहे, कारण बंधारा इथली लाट अडवतो आणि त्याच्या टोकाशी वाळू जास्त खचते. वारसा म्हणून या किल्ल्याला सूट मिळाली.

आता तिथे लाकडी पायवाट आहे, टेकाडावर चढू देत नाहीत. बरोबरच आहे. आमच्या भरावावर बकऱ्या रोज एकाच जागी चढायच्या. तिथलं गवत आधी गेलं, मग बोटभर ओहळ पडला आणि एका पावसाळ्यात त्यात माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. मातीचा दुखणाईत भाग असाच वाढतो. त्यावर सिमेंट लिंपलं की पाणी आतून पोखरतं. उपाय म्हणजे गवत धरून ठेवायचं आणि पाण्याला वाट द्यायची.

हे सगळं इथे बडोद्यात बसून लिहितोय, कारण आमचं मूळ गाव विजयदुर्ग किल्ला आहे त्याच देवगड तालुक्यात. जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे समुद्री किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले तेव्हा दांडिया बाजारात आम्ही पेढे वाटले. आता जतनाच्या आराखड्यांवर बोलणं होईल तेव्हा दिवे, तिकीटघर, वाहनतळ यांच्या आधी खाडीचं मुख, वाळूउपसा, जवळचा खडक, भरती-ओहोटीचा प्रवाह यांचा नकाशा पहिल्या पानावर हवा. तट दगडी असला तरी पाया समुद्रातच आहे ना! सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व आणि संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी या कामात शिरावं, ही मनापासून विनंती.

मी मे महिन्यात गावी जाणार आहे. वाघोटण खाडीच्या मुखापासून विजयदुर्गच्या तटापर्यंत ठरावीक जागांवरून फोटो काढणार, पावसाळा संपल्यावर त्याच जागांवरून पुन्हा. कोणाच्या घरी विजयदुर्गच्या किनाऱ्याचे जुने फोटो असतील, मागे आजी-आजोबा उभे असलेले चालतील, तर कृपया पाठवा. वाळू तेव्हा कुठपर्यंत होती ते त्यातून मोजता येईल.