स्कॉटलंड जागच्या जागी आहे ना?

माझी मुलगी इथे इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत जीसीएसईच्या वर्षाला आहे, म्हणजे आपली दहावी समजा. या वर्षांत शेक्सपिअरचं निदान एक नाटक शिकवलंच पाहिजे, असा इथल्या अभ्यासक्रमाचा नियम आहे. तिच्या शाळेनं 'मॅकबेथ' घेतलंय. गेल्या महिन्यात एका रात्री जेवणं झाल्यावर ती चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश मोठ्यानं वाचत होती. मी भांडी पुसत होतो.

हा प्रवेश लांबलचक आहे, प्रयोगात त्याला बऱ्याचदा कात्री लागते. पण सगळ्या नाटकात एवढा एकच प्रवेश इंग्लंडात घडतो. मॅकबेथनं बापाचा, म्हणजे स्कॉटलंडच्या राजाचा, खून केल्यावर पळून आलेला राजपुत्र माल्कम आणि बायकापोरं मागं ठेवून आलेला सरदार मॅकडफ, दोघं परमुलखात उभे राहून आपल्या देशाचं कसं व्हायचं यावर बोलत राहतात. तेवढ्यात तिकडून रॉस नावाचा सरदार येतो. मॅकडफ त्याला पहिलाच प्रश्न विचारतो, "स्टँड्स स्कॉटलंड व्हेअर इट डिड?" स्कॉटलंड जागच्या जागी आहे ना?

माझा हात थांबला. दर रविवारी गावाकडे फोन लावून मी दुसरं काय विचारतो?

माझं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आजोबांची भातशेती मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती म्हैसूर राज्यात गेली. १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. शेताचा बांध या सगळ्यात एक हातही सरकला नाही. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढ्यात माझी पिढी शिकून बाहेर पडली, आणि आता भावाचा मुलगा सातवी पास होतोय. त्याला आठवीला कुठं घालायचं हा प्रश्न आहे. गावच्या मराठी हायस्कुलात की बेळगावच्या इंग्रजी माध्यमात?

भावाचं म्हणणं सरळ आहे. "दादा, तू तिकडं बसून सांगूलालास. हितं नोकरीला कन्नड लागतंय, भाईर जायला इंग्रजी लागतंय. मराठी शाळेत ठेवून पोराचं काय करू?"

त्याची भीती खोटी नाही. जमिनीचा उतारा कन्नडात येतो, नोटीस कन्नडात येते, आणि ती वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. भाषक अल्पसंख्याकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यघटनेत ३५० अ कलम आहे, पण कलम असलं म्हणजे वर्गात पोरं आणि फळ्यापुढं मास्तर असतातच असं नाही. २०१५ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत कन्नड सक्तीचं झालं, २०२४ ला पाट्यांवर साठ टक्के कन्नड आलं. मोर्चे निघतात, पाट्यांना काळं फासलं जातं, तणाव वाढला की एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं येत नाही. आणि या सगळ्या गदारोळात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतली पोरं गुपचूप इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये चढतात. दोन भाषांच्या भांडणात दोघींचीही लेकरं तिसरीकडे चालली आहेत, याबद्दल मात्र मोर्चा निघत नाही.

मला बोलायचंय ते या पिवळ्या बसबद्दल.

मी शिकलो मराठी माध्यमात. आमचे इंग्रजीचे सर बैलहोंगलकडचे, घरात कन्नड. त्यांच्या मराठीत 'तो गाय' आणि 'ती बैल' असायचं, पण आम्ही कधी हसलो नाही, कारण ते आमच्यासाठी मराठी बोलत होते. आषाढातली एक दुपार होती. खानापूरचा पाऊस म्हणजे कौलं वाजायला लागली की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. वीज गेलेली. सरांनी पुस्तक मिटलं आणि पाठ्यपुस्तकात नसलेला 'मॅकबेथ' सांगायला घेतला. माळावरच्या तीन चेटकिणी, विजा, धुकं. "फेअर इज फाउल, अँड फाउल इज फेअर" हे त्यांनी फळ्यावर लिहिलं. खाली मराठीत लिहिलं, "चांगलं तेच वाईट, वाईट तेच चांगलं." मग कन्नडमध्ये म्हटलं, "ओळ्ळेदु केट्टद्दु, केट्टद्दु ओळ्ळेदु." चेटकिणींच्या ओळी कशा वाजतात ते त्यांनी टेबलावर मुठीनं ठोकून दाखवलं: चार ठोके, पहिला जड. राजेसरदार बोलतात ते पाच ठोक्यांत, आणि तिथं पहिला हलका असतो. मग म्हणाले, आता मॅकबेथचं पहिलं वाक्य ऐका. तो अजून चेटकिणींना भेटलेला नाही, आणि रंगमंचावर येता येता म्हणतो की इतका वाईट आणि इतका चांगला दिवस मी पाहिला नव्हता. त्यांचेच शब्द याच्या तोंडात आलेत की नाही?

अंगावर काटा आला होता. इंग्रजी ही परीक्षेपलीकडची एक वस्तू आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते मला मराठीतून आणि कन्नडमधून कळलं.

आता हे पाहा. माझा भाचा बेळगावात इंग्रजी माध्यमात दहावीला होता. त्याच्या पुस्तकात शेक्सपिअरच्या दयेवरच्या प्रसिद्ध ओळी होत्या, पाठ करण्यासाठी. मी सुटीला गेलो तेव्हा त्यानं त्या एका दमात म्हणून दाखवल्या. मी विचारलं, मर्सी म्हणजे काय रे? "मर्सी मीन्स काइंडनेस, मामा." आणि मराठीत? तो गप्प. कन्नडमध्ये? तरीही गप्प. आतून माझी आई म्हणाली, "दयामाया." पोरगा हुशार आहे, त्याला गणितात उत्तम गुण असतात. त्याच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. दयेवरची कविता त्याला शिकवली गेली, आणि दया हा शब्द मात्र त्याला दंड भरून उच्चारावा लागला असता. मला त्या रात्री झोप आली नाही.

कॉव्हेन्ट्रीपासून स्ट्रॅटफर्ड, शेक्सपिअरचं गाव, मोटारीनं पाऊण तासावर. तो १५६४ ला तिथं जन्मला, १६१६ ला तिथंच गेला. मला वाटायचं, या मातीतल्या मुलांना तो आपोआप कळत असेल. तसं मुळीच नाही. मुलीच्या वर्गातल्या पोरांकडे जे पुस्तक आहे त्यात डाव्या पानावर मूळ ओळी आणि उजव्या पानावर त्यांचं आजचं सोपं इंग्रजी आहे. चारशे वर्षांपूर्वीचं स्वतःच्याच भाषेतलं नाटक ही मुलं भाषांतराशेजारी ठेवून वाचतात आणि कुणी त्यांना कच्चं म्हणत नाही. शिक्षिका आधी गोष्ट सांगते. १६०३ ला स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला, १६०५ ला त्याला पार्लमेंटसकट उडवून द्यायचा कट उघडकीला आला, आणि त्यानंतर वर्षभरात राजाच्या खुनाचं हे नाटक लिहिलं गेलं, हे समजल्यावर मग ओळींकडे वळायचं. परीक्षेत उतारा छापून देतात, पण पुस्तक जवळ ठेवू देत नाहीत. बाकीच्या नाटकातले दाखले डोक्यात लागतात. पाठांतर इथंही आहेच, मुलीच्या खोलीत भिंतभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. फक्त अर्थ आधी लागतो आणि पाठांतर मागून येतं.

रविवारच्या फोनवर ती आजीला हे नाटक मराठीत सांगते. आई चौथी शिकलेली. पहिल्या अंकात मॅकबेथ स्वतःशीच म्हणतो की राजा माझा नातलग, माझा धनी, शिवाय माझा पाहुणा. मारेकऱ्यापुढं दार लावायचं ते मी, आणि सुरी मीच हातात घ्यायची? हे ऐकून आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जेवलेल्या माणसाला?" मुलीनं निबंधात यजमानधर्मावर अख्खा परिच्छेद लिहिला. पुढच्या रविवारी आईनं विचारलं, "त्या बाईला लेकरू व्हतं काय गं?" लेडी मॅकबेथ सांगते की मी बाळाला पाजलंय, आणि त्याच चौथ्या अंकात मॅकडफ मॅकबेथबद्दल म्हणतो, त्याला मुलं नाहीत. एल. सी. नाइट्स या समीक्षकानं १९३३ ला लिहिलेल्या निबंधाचं नावच मुळी 'लेडी मॅकबेथला मुलं किती?' असं आहे. असे प्रश्न विचारून नाटक वाचू नये, असं त्याचं मत होतं. मी आईच्या बाजूनं आहे. चार लेकरं वाढवलेल्या बाईला तो प्रश्न पडणारच, आणि तो पडल्यावर नाटक आणखी भयाण होतं.

हे सगळं आपल्या मुलखात नवं आहे का? आगरकरांनी १८८२ ला डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट' मराठीत आणायचं काम केलं. 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' करणारे देवल बेळगावात शिकले. त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 'मॅकबेथ'चं 'राजमुकुट' शिरवाडकरांनी केलं. तिकडं कन्नड कवी कुवेंपूंनी 'हॅम्लेट'वरून कन्नडमध्ये 'रक्ताक्षी' लिहिलं. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि मराठीत लिहायचे. त्याच धारवाडात घरात मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले. या माणसांनी एका भाषेसाठी दुसरीचं दार लावून घेतलं नव्हतं. आमचे बैलहोंगलचे सर याच परंपरेतले, त्यांचं नाव कुठल्या ग्रंथात नाही एवढंच.

इथून दोन-अडीच तासांवर वेल्स आहे. तिथं रस्त्यावर 'स्लो'बरोबर 'अराफ' लिहिलेलं असतं, दोन्हींचा अर्थ एकच. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. आज त्याच वेल्समध्ये वेल्श प्रत्येक सरकारी शाळेत शिकवतात, आणि त्यामुळं इंग्रजीचं काही बिघडलेलं नाही. मी त्या लाकडाच्या तुकड्यांबद्दल वाचलं तेव्हा मला भाच्याचे दहा रुपये आठवले. दोन ओळींची पाटी कुणाची भाषा मारत नाही. हे मी बेळगावातल्या कन्नड मित्रांना सांगतो, आणि मुंबईतल्या मराठी नातेवाइकांनाही. पहिलीपासून हिंदी नको म्हणून २०२५ ला आपण उठलो, ते योग्यच होतं. मग कन्नड माणसाला आपल्या भाषेची काळजी वाटली तर ती समजून घेणं आपल्याला जड जाऊ नये, आणि खानापूरच्या मराठी पोराची काळजी त्यांनाही समजावी.

पण मी बोलणारा कोण? माल्कम मॅकडफला नेमकं हेच विचारतो. बायकापोरांना तसंच टाकून, निरोपही न घेता तू इकडं कसा आलास? मॅकडफकडे त्याचं धड उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. भाऊ तिथं चिखलात भात लावतो, आईचं औषधपाणी बघतो आणि कन्नड नोटिसा वाचून घेतो. मी इथून मातृभाषेचं महत्त्व सांगतो आणि माझी स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. इथं पंजाबी, गुजराती, बंगाली, पोलिश या भाषांचीही जीसीएसई देता येते. मराठीची नाही. तिचं मराठी आजीच्या फोनवर टिकलंय.

तरीही मी बोलतो, आणि त्याला कारण आहे. रॉसला मॅकडफ विचारतो, माझी बायको कशी आहे? रॉस म्हणतो, बरी आहे. आणि पोरं? तीही बरी. ती सगळी मारली गेलीत हे त्याला माहीत असतं, पण जीभ उचलत नाही. बाबा गेले तेव्हा मलाही असाच फोन आला होता. "जरा बरं नाही, येऊन जा." विमानतळावर जाईपर्यंत मी ऑफिसात, शेजाऱ्याला, टॅक्सीवाल्याला इंग्रजीत सांगत राहिलो, आणि आत काही हललं नाही. घराच्या उंबऱ्यावर बहीण "आपले बाबा गेले रे" म्हणाली तेव्हा मी खाली बसलो. माल्कम मॅकडफला सांगतो, दुःखाला शब्द दे. जे दुःख बोलत नाही ते भरल्या काळजाशी कुजबुजतं आणि त्याला फुटायला सांगतं. पुतण्याला उद्या असे शब्द लागतील. ते शब्द त्याच्यापाशी असावेत, एवढ्यासाठी मी भावाशी वाद घालतो.

भावाला मी सांगितलं ते असं. पोराला मराठी शाळेतच राहू दे. इंग्रजीच्या तासाला मास्तर मराठीत समजावतात म्हणून बिचकू नको, तसंच समजतं. कन्नड नुसतं पासापुरतं नको, बोलण्या-वाचण्याइतकं येऊ दे. ती आपल्या शेजाऱ्यांची भाषा आहे आणि आपल्या जमिनीच्या कागदाचीही. शाळेला इंग्रजीची गोष्टींची पुस्तकं आणि शिकवणीचा एक माणूस मिळावा म्हणून जो खर्च येईल तो मी देतो, एकट्या पुतण्यासाठी नको, सगळ्या वर्गासाठी. बेळगावच्या शाळेची फी भरायला मी मदत करणारच होतो, पैसे तेच आहेत.

तो म्हणाला, "बघू की." शाळा सोडल्याचा दाखला त्यानं अजून काढलेला नाही. दर रविवारी अर्धा तास पुतण्या आणि माझी मुलगी फोनवर 'मॅकबेथ' वाचतात. ती इंग्रजी ओळ म्हणते, तो तिला मराठीत काय म्हणायचं ते सांगतो, आणि चुकलं तर आजी दोघांनाही थांबवते. परवा तिसरा अंक संपला.