तोंड दाबून मालिकांचा मार

जेवणानंतर काहींना जशी सुपारी लागते, तशी मला मालिका संपल्यावर चर्चा लागते. ती मिळाली नाही की पाहिलेले पचत नाही. माझी अपेक्षा फार मोठी नाही. समोर एक माणूस असावा, त्याने तीच गोष्ट पाहिलेली असावी आणि माझे मत ऐकून त्याने ‘छे, काहीतरीच!’ एवढे म्हणावे, म्हणजे पुढच्या पाऊण तासाची सोय होते. परंतु असा माणूस आता आमच्या घरात मिळत नाही. माणसे आहेत, त्यांच्याकडे मतेही भरपूर आहेत. मात्र प्रत्येकजण निराळ्या भागावर आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे आठ भागांची एक खुनाची मालिका सुरू झाली. रोज रात्री जेवताना सर्वांनी मिळून एक भाग पाहायचा, असा ठराव एकमताने झाला होता. दुसऱ्याच दिवशी मुलाची जादा शिकवणी निघाली, तिसऱ्या दिवशी बायकोची भिशी आली आणि ठरावाचे बारा वाजले. आठवड्याअखेरीस परिस्थिती अशी होती, की मी तिसरा भाग संपवला होता. बायको दुसऱ्या भागाच्या सव्विसाव्या मिनिटावर थांबली होती, कारण नेमक्या त्या वेळी कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. चिरंजीव मोबाइलवर दीडपट वेगाने पाहत पाचव्या भागापर्यंत पोहोचले होते. आणि माझ्या पुण्याच्या ताईने फोन उचलताक्षणी, हॅलो म्हणण्याच्याही आधी, “मी अजून सुरू केलेली नाही, एक अक्षर बोलू नकोस,” असा दम भरला होता. शुक्रवारी रात्री मात्र माझा धीर सुटला. सर्वजण झोपल्यावर मी कानात इअरफोन घालून उरलेले पाचही भाग सलग पाहिले आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर, घशाशी आलेली किमान अकरा मते गिळून अंथरुणावर पडलो.

सकाळी चहा घेताना बायको सहज म्हणाली, “तो डॉक्टर किती सज्जन दाखवलाय, नाही?”

मी “हं” म्हणालो. चहा गरम होता, एवढाच त्या ‘हं’चा अर्थ होता.

“हं म्हणजे?” तिने कप खाली ठेवला. “अहो, वीस वर्षं ऐकतेय मी तुमचं हे ‘हं’. डॉक्टरनेच केलाय ना खून? आणि तुम्ही पुढचे भाग पाहिलेत!”

डॉक्टर बिचारा निर्दोष होता. पण ‘तो नाही’ असे सांगितले, तरी तो रहस्यभेदच ठरतो, कारण संशयितांपैकी एक आपोआप कमी होतो. ‘मला माहीत नाही’ म्हणावे, तर रात्रीचा इअरफोन उशीपाशी पुरावा म्हणून पडलेला. मी काहीच बोललो नाही आणि त्या मौनाने डॉक्टरला फाशी दिली. एका निरपराध माणसाची अब्रू मी माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दिली, याची टोचणी मला अजून आहे.

आमच्या लहानपणी असे नव्हते. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी आम्ही शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर दाटीवाटीने बसत असू. रावण मरणार, हे त्या खोलीतल्या पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक होते, आणि तरीही जागा मिळत नसे. भाग संपला की चाळीच्या कठड्याशी चर्चा सुरू होई. आकाशात समोरासमोर आलेले दोन बाण एकमेकांना धडकायला इतका वेळ का लावतात, या प्रश्नावर आम्ही आख्खा रविवार काढलेला आहे. कीर्तनाचेही तेच. एखाद्या आजीबाईंनी बुवांना मध्येच थांबवून, ‘द्रौपदीला वस्त्रे कोण पुरवतो ते सांगू नका, मी अजून सभापर्वापर्यंत आलेले नाही’, असे बजावल्याचे ऐकिवात नाही.

गुपित राखण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाच्या अखेरीस, खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते, आणि ती रास्त आहे. परंतु तिथे निदान सगळे नाट्यगृह एकाच क्षणी शहाणे होते आणि परतीच्या बसमध्ये नवराबायकोला मनसोक्त भांडता येते. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न जुलै २०१५ पासून एप्रिल २०१७ पर्यंत सर्व देशाने मिळून वाहिला. तेवढा काळ आम्ही सारे एकसारखे अडाणी होतो. त्या सामुदायिक अज्ञानासारखे सुख नाही.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर रहस्य सांगणे हा उपकार समजला जाई. कॉन्ट्रामध्ये सुरुवातीलाच वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे आणि मग बी, ए अशी बटणे दाबली, की तीन ऐवजी तीस जीव मिळत. ही विद्या देणाऱ्या मित्राला मी दोन पेप्सीकोला गुरुदक्षिणा म्हणून दिले होते. मारिओतली राजकन्या पहिल्या सात किल्ल्यांत नसते, आठव्यात असते, हेही मला आधीच कोणीतरी सांगितले होते, आणि त्यामुळे माझे काहीही बिघडले नाही. पहिल्या किल्ल्यापर्यंतच मी मोठ्या मुश्किलीने पोहोचत असे.

हल्ली मुलगा खेळतो त्या गेममध्ये डोंगर, नद्या, गावे, सगळे काही आहे. मी मागे खुर्ची टाकून पाहत बसतो. परवा त्याचा नायक अर्धा तास नदीत गळ टाकून उभा होता. न राहवून मी म्हणालो, “अरे, तिकडे त्याची मुलगी पळवून नेली आहे आणि हा इथे मासे काय धरतोय?”

मुलाने सावकाश मागे वळून पाहिले. “बाबा, ती पळवली जाते हे मला अजून माहीत नव्हतं.”

दुसऱ्या कोणाचा तरी खेळ मी मोबाइलवर पाहिला होता, हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून त्या खोलीत माझी खुर्ची नाही.

अखेर मी आईकडे गेलो. आई पंचाहत्तर वर्षांची असून, कोणतीही गोष्ट सुरू करण्यापूर्वी “शेवटी कोण मरतं ते सांग, मग बघायचं की नाही ते ठरवते,” अशी तिची जाहीर अट असते. शनिवारी दुपारी ती मटार सोलत होती आणि मी तिच्यासमोर बसून साठलेले सर्व ओकून टाकले. मालिका चार भागांत संपायला हवी होती. पावसातल्या रस्त्याची वरून घेतलेली तीच ती दृश्ये उगीच घुसडली आहेत. तपास करणारा अधिकारी घटस्फोटित दाखवल्याशिवाय या लोकांना खून उलगडतच नाही का. आणि वहिनीने खून केला हे ठीक, पण तिच्याकडे किल्ली आली कुठून? आईने एकदाच हात थांबवला आणि म्हणाली, “मोलकरणीकडून घेतली असेल.” हे मला सुचलेच नव्हते. मी तिला त्या आनंदात अख्खी टोपली सोलून दिली.

रविवारी रात्री बऱ्याच दिवसांनी सगळे एकत्र जेवायला बसले होते. ताईसुद्धा पुण्याहून आली होती आणि तिने मालिका नुकतीच सुरू केली होती. पडद्यावर पोलीस डॉक्टरच्या घराची झडती घेत होते आणि बायको माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होती. आईने भाताचा घास संपवला, चष्मा वर सारला आणि स्वच्छ आवाजात विचारले,

“अरे, खून तर त्या वहिनीने केलाय ना? मग हे डॉक्टरच्या मागे कशाला लागलेत?”