सतरावा

काल संध्याकाळी पाव किलो दही माझ्या मांडीवर सांडलं. स्कूटरचा वेग बैलगाडीचा होता. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गल्लीत नवा स्पीडब्रेकर झालाय, त्यावरून उडालो. ब्रेकर हवा म्हणून जो कागद फिरला, त्यावर दुसरी सही माझीच.

"सतरावे," खुर्ची टाकून बसलेले काका म्हणाले.

"काय?"

"आजचे सतरावे तुम्ही. पडला नाहीत, म्हणून अर्धाच धरतो."

"काका, येणाऱ्याला निदान हाक तरी मारा!"

"सकाळी मारली. ती पोरगी माझ्याकडे बघायला वळली आणि जास्तच आपटली. आता हाक बंद. हिशेबात घोळ होतो."

"आणि खुर्ची भर रस्त्यात कशाला?"

"रस्त्यात कुठे? फटीत आहे."

फट खरीच होती. ब्रेकर गटारीपर्यंत नेला तर पाणी तुंबतं, म्हणून कडेला हातभर जागा सोडावी लागते. ती सुटली नेमकी काकांच्या ओट्यासमोर. मोटारसायकलवाली पोरं तिथून सुसाट निघू लागली, तेव्हा काकांनी स्वतःच फट बुजवली. गल्लीतला कामाला येणारा बंदोबस्त म्हणजे ती खुर्ची. पावसाळ्यात काय, विचारलं तर म्हणाले, "छत्री."

बाकीचा ब्रेकर एका घराच्या स्लॅबमधून उरलेल्या दोन पोती सिमेंटचा, रात्रीत ओतलेला. अर्ज, परवानगी वगैरे बाजूलाच. मी टेप लावला: उंची १६ सेंटीमीटर, रुंदी ४०. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या नियमात उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर होती, म्हणजे जवळजवळ एका मोटारीच्या लांबीची पसरट टेकडी. ती ताशी २५ किलोमीटरला हळूच उचलते, हळूच ठेवते. जोरात आलात तर मात्र सणसणीत फेकते. आमची कडक चकली नेमकं उलट करते. भरधाव गाडीचं चाक तिच्यावरून इतकं झटकन जातं की धक्का सस्पेन्शनच गिळून टाकतं. हळू जाणाऱ्याला मात्र पुढचं चाक, मग मागचं चाक, असे दोन्ही हिशेब पुरे चुकते होतात. मोटारीचं पोट घासतं ते वेगळंच. जो सांभाळून चालवतो, त्याच्याच पाठीचा मणका! हे मी बैठकीत सांगितलं होतं. एकतीस घरांतून पाच माणसं आली होती आणि त्यातली तीन 'ब्रेकर हवाच, पण माझ्या दारासमोर नको' हे सांगायला. उरलेल्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले. अंगठ्यांनी काँक्रीट पसरत नाही हो.

ओतल्यावर त्यावर ओलं बारदान घालून निदान सात दिवस पाणी मारायला हवं होतं आणि तेवढे दिवस वाहनं रोखायला. पहाटे साडेपाचला दूधवाला गेला. त्याच्या टायरची नक्षी अजून आहे, त्यात पाणी साचतं, तिथूनच आता पोपडे निघताहेत. पांढरे पट्टे चुन्याचे मारले, पहिल्या सरीत धुऊन गेले. काचेचे बारीक मणी घातलेला थर्मोप्लास्टिक रंग असता तर रात्री दिव्यात चमकला असता. पण दिवा तरी कुठे आहे? ब्रेकर उजेडाच्या खांबाजवळ हवा, आमचा दोन खांबांच्या मधोमध, ठार अंधारात. सूचनेची पाटी ४० मीटर आधी लावायची असते. आमची गल्लीच एवढीशी, की पाटी शेजारच्या गल्लीत जाईल, आणि त्यांनी सांगून ठेवलंय, पाटी तुमच्याकडेच ठेवा.

आता रीतसर अर्ज करायचा तर जवळच्या खांबाचा नंबर लिहायचा, दोन्ही बाजूंनी फोटो जोडायचे, सह्या घ्यायच्या आणि शिक्का मारलेली पावती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पावती नसेल तर पुढच्या खेपेला "कौनसा आवेदन?" इथपासून सुरुवात. सह्यांसाठी काल तीन घरी गेलो. दोघांनी विचारलं, हा तुमच्याच सहीचा ना?

दही पुसत होतो, तेवढ्यात मागून एक मोटारसायकल पन्नासच्या वेगानं आली. फटीत खुर्ची दिसल्यावर पोरानं थेट ब्रेकरच्या मधोमध घातली. "भिया, हटो!" म्हणत निघून गेला. हादरासुद्धा नाही.

मी काकांकडे पाहिलं.

"हा धरायचा नाही," ते म्हणाले. "याला लागलंच कुठे."