अंदाजाची खरड छाटणी

परवा रविवारी सांगलीत विश्रामबागला एका तज्ज्ञ गृहस्थांचं 'जगाचं राजकीय-आर्थिक भवितव्य' हे व्याख्यान ऐकून आलो. तिकीट दोनशे, चहा त्यातच. द्राक्षबागेची संध्याकाळची फवारणी बुडाली, पण ज्ञान असं मिळालं की आता तुम्हीही घरबसल्या अख्ख्या जगाचं भविष्य सांगाल.

पहिलं म्हणजे दशांश सोडू नका. 'तीनेक टक्के' म्हणतो तो पारावरचा म्हातारा, '३.४' म्हणतो तो तज्ज्ञ. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये पुढच्या वर्षासाठी जगाच्या आर्थिक वाढीला हाच ३.४ टक्के दिला होता. जग वाढायचं सोडून तीनेक टक्क्यांनी आकसलं. कोरोना कुणाला दिसणार होता, खरंय. पण दशांशाचा जाब कुणी मागितला नाही. तुम्हालाही मागणार नाही.

'भू-राजकीय' दर तिसऱ्या वाक्याला.

आकडा चुकला तर 'सुधारित अंदाज' काढा. नाणेनिधीचा मोठा अहवाल एप्रिलला आणि ऑक्टोबरला येतो. आमची द्राक्षांची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या तोडायची, एप्रिलला; फळासाठीची फळछाटणी ऑक्टोबरला. योग बघा! आमची चुकली तर घड जिरतात, वर्ष जातं, सोसायटीचं कर्ज थकतं. ते जानेवारी-जुलैला आणखी एकदा कात्री चालवतात, झालं.

देश बुडाला की 'चिन्हं आधीच दिसत होती' म्हणा. श्रीलंकेनं एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खताची आयात एका फटक्यात बंद केली, वर्षभरात परदेशी कर्जाचे हप्तेही थांबवले. पीक येणार नाही एवढं तर आमच्या सालगड्यानं फुकटात सांगितलं असतं.

आणि बांगलादेश! जानेवारी २०२४ मध्ये शेख हसीना सलग चौथ्यांदा निवडून आल्या, तेव्हा हेच गृहस्थ तासगावात 'पूर्वेकडं आता स्थैर्य' सांगून गेले होते. ५ ऑगस्टला बाई देश सोडून भारतात. परवा तेच गृहस्थ, तोच कोट, आणि म्हणतात, "मी म्हटलंच होतं!" कधी म्हटलं होतं? मी तिसऱ्या रांगेत होतो की! मग पडद्यावर तांबड्या समुद्राचा नकाशा. येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळं युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तो लाल बाण त्यांनी काठीनं दाखवला. त्यांचा बाण लांबला. कंटेनरमधली द्राक्षं आमची होती.

शेवटी उठून विचारलं, "साहेब, यंदा बांगलादेशकडं माल लागेल का? का सगळा बेदाणाच करू?"

म्हणाले, "मॅक्रो बघा, मायक्रोत अडकू नका." म्हणजे अख्खं जग बघा, आपली बाग नको.

सभागृह हसलं.

अरे, दोनशे रुपये मोजलेत ना? शंभर माणसं बसलीत समोर, निम्म्यांच्या बागा आहेत. 'मला माहीत नाही' म्हणायला जीभ झडते का तुमची? आणि हसणाऱ्यांनो, तुम्हीही आठवून सांगा, मागल्या खेपेला यानं काय सांगितलं होतं? नाही ना आठवत? पुढच्या वेळी पुन्हा तिकीट काढाल. दलाल पैसे बुडवून पळाला तर निदान त्याच्या दारात जाऊन बसता तरी येतं. याचं दार कुठं शोधायचं?