सोमवारपासून नक्की

ऑनलाइन व्यायामाचा कार्यक्रम निवडायचा तो रात्री साडेअकरानंतर, भरपेट जेवून आडवे झाल्यावरच. सकाळी सहाला जाग आलेल्या माणसाला उठून चार पावले चालून येण्याची दुर्बुद्धी सुचू शकते. रात्री तो धोका नसतो.

आधी प्रश्नावली येईल. वय, उंची, वजन, झोप. 'व्यायाम किती करता?' याला 'अधूनमधून' म्हणावे. शाळेतली कवायत धरली तर ते खोटेही नाही. मग पडद्यावर एक गोल फिरत राहील आणि 'तुमच्यासाठी खास आराखडा तयार होत आहे' अशी ओळ झळकेल. हाच खास आराखडा तुमच्या मेव्हण्यालाही मिळाला असेल, पण ते मनावर घेऊ नका. गोल फिरताना आपण काहीतरी करतोय असे वाटते, तेही घाम न गाळता.

मग सवलत आणि तिच्या शेजारी उलटे पळणारे घड्याळ. दहा मिनिटे संपल्यावर पान पुन्हा उघडले की तेच घड्याळ पुन्हा दहापासून सुरू होते, हे तपासत बसू नये. आणि पैसे वर्षाचेच भरावेत. महिन्याचे भरले तर दर महिन्याला मन खाते. वर्षाचे भरले की अकरा महिने निवांत.

प्रशिक्षकाला त्याची पात्रता विचारणे हा शिष्टाचाराचा भंग आहे. गुडघे, रक्तदाब, मणका यांची चौकशीही न करता जो पहिल्याच दिवशी उड्या मारायला लावतो, तो खरा. '१५ दिवसांत फक्त पोटाची चरबी' म्हणणारा भेटला तर त्याला सोडूच नका. किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात आणि ती कुठून उतरवायची हे शरीर स्वतःच ठरवते, असले हिशेब त्याच्यासमोर काढणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत ताटाचा दर विचारणे.

बर्पी मात्र हमखास असणार. खाली बसा, पाय मागे फेका, पुढे ओढा, उभे राहा. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी १९३०च्या दशकात लोकांची तंदुरुस्ती चटकन जोखायला हा प्रकार काढला. म्हणजे मुळात ती परीक्षा. आपण तिचाच अभ्यासक्रम करून टाकला. तिसऱ्या बर्पीला खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील. त्यांना बसवून चहा करावा. व्हिडिओ बंद करू नये. ॲपच्या लेखी तुम्ही अजून घाम गाळताय.

रोजच्या १०,००० पावलांचे काय, म्हणाल. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विक्रीला आले, त्याचे नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा आला तो त्या नावातून. मालाच्या नावाचा मान मालानेच राखावा. म्हणून पावले मोजणारे घड्याळ मुलाच्या मनगटावर बांधून त्याला खाली क्रिकेट खेळायला पाठवा. दिवेलागणीला तुमचे लक्ष्य पूर्ण आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस.

हे सगळे आजोबांच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका. ते सूर्यनमस्कार काढतील. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी या नमस्कारांच्या प्रचारात उमेदीची वर्षे घातली. लागते सतरंजीभर जागा, खर्च शून्य. इथेच तर घोडे पेंड खाते. फुकटची गोष्ट खरोखर करावी लागते, विकतची नुसती घेतली तरी भागते. जागतिक आरोग्य संघटनाही काही कमी नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा म्हणते, आणि त्यात भरभर चालणेही धरते. म्हणजे दिवसाला बावीस मिनिटेसुद्धा नाहीत! तेवढा वेळ तर आपला मॅटचा रंग ठरवण्यात जातो.

मॅट जांभळी घ्या. उन्हाळ्यात तिच्यावर पापड वाळत घालता येतात. (वर जुने धोतर अंथरावे, नाहीतर रबराचा वास लागतो. हा एक सल्ला मी अनुभवाने देतोय.)

वर्ष संपत आले की बँकेचा संदेश येईल: उद्या तुमच्या खात्यातून नूतनीकरणाचे पैसे वळते होतील. चोवीस तास आधी कळवायचा नियमच आहे. तेव्हा ॲप उघडून 'रद्द करा' शोधायला लागा. सेटिंग्जमध्ये नाही, प्रोफाइलमध्ये नाही, मदतीच्या पानावरही नाही. शोधता शोधता तुम्ही उठाल, हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागाल. त्या दिवशी घड्याळ तेवढे स्वतःच्या मनगटावर ठेवा.