ग्राफिक्स कार्ड ८०च्या वर गेलं म्हणजे जळालं? छे!

उन्हाळा लागला की गेमिंग पीसीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. कार्ड ८० डिग्रीच्या वर गेलं की त्याचे दिवस भरले. म्हणून दर सहा महिन्यांनी चिप आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला, साइड पॅनल काढून टेबल फॅन लावा आणि गेमची सेटिंग ‘लो’वर आणा. नवीन पीसी घेतलेल्याचं धाबंच दणाणतं.

आधी तो ८०चा आकडा. कार्डांची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या माहितीनुसार आरटीएक्स ३०६०ची कमाल मर्यादा ९३ डिग्री आहे, ४०९०ची ९०. मर्यादा जवळ आली की कार्ड आपणहून क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणतं. तिच्या स्पर्धक एएमडीने तर २०१९मध्येच आरएक्स ५७०० एक्सटीबद्दल सांगून टाकलं होतं की गेम खेळताना हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, ११०पर्यंत जाणं अपेक्षित आहे. शिवाय ८० कुठल्या खोलीत? २० डिग्रीच्या खोलीत ६८वर राहणारं कार्ड नागपूरच्या मे महिन्यात, ३८ डिग्रीच्या खोलीत, पंच्याऐंशीच्या आसपास जाणारच. त्यात कार्डाचा काय दोष?

बघायचंच असेल तर कोर (चिपचं नेहमी दिसणारं तापमान) आणि हॉटस्पॉट यांच्यातलं अंतर बघा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही आकडे बहुतेक कार्डांचे दिसतात. कोर ७८ आणि हॉटस्पॉट ९० असेल तर निवांत खेळा. कोर ७८ आणि हॉटस्पॉट १०६ असेल तर पेस्ट सरकली असेल किंवा कूलर नीट बसला नसेल. पेस्ट बदलायची वेळ ही. कॅलेंडर बघून नव्हे. उगाच कार्ड उघडलं की मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटतात, वेगळ्या जाडीचे बसवले तर कूलर चिपवर नीट टेकत नाही आणि वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. पेस्ट हा सगळ्यावरचा इलाजही नाही. २०२२च्या डिसेंबरमध्ये एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या काही आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांचा हॉटस्पॉट ११०ला टेकत होता. कारण निघालं व्हेपर चेंबरमध्ये, म्हणजे कूलरमधल्या वाफेने उष्णता वाहणाऱ्या बंद डबीत, पाणीच कमी भरल्याचं. तिथे पेस्ट काय करणार?

साइड पॅनल काढणं ही मात्र चाचणी म्हणून झकास युक्ती आहे. तोच गेम, तेवढाच वेळ, एकदा पॅनल लावून आणि एकदा काढून खेळा. आठ-दहा डिग्री उतरले तर कॅबिनेटला श्वास घ्यायला जागा नाही: पुढची जाळी धुळीने बुजलीय किंवा पुढे हवा आत ओढणारा फॅनच नाही. काहीच उतरलं नाही तर टॉर्च घेऊन कार्डाचे पंखे आणि त्यामागच्या पट्ट्या बघा. तिथे धुळीची करडी गादी बसलेली असते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. पॅनल कायमचं काढून टेबल फॅन लावणाऱ्याला हीच सफाई दर महिन्याला करावी लागते.

राहिली ‘लो’ सेटिंग. मेसेजमधला हा सल्ला कधीकधी उलटाच पडतो. फ्रेमवर मर्यादा नसेल तर ‘लो’वर कार्ड तेवढ्याच जोमाने दुप्पट फ्रेम काढत बसतं, आणि मॉनिटर असतो ६० हर्ट्झचा! आधी एफपीएस कॅप, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेमवर मर्यादा, लावा. २०२१च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या बीटामध्ये (चाचणी आवृत्तीत) ईव्हीजीए कंपनीची काही आरटीएक्स ३०९० कार्डं मेली, तेव्हा मेनूवर धावणाऱ्या बेलगाम फ्रेमची चर्चा झाली आणि अ‍ॅमेझॉनने तिथे कॅप टाकली. खरा दोष मात्र सोल्डरिंगमध्ये होता, हे पुढे ईव्हीजीएनेच सांगितलं.

कॅप लावूनही खोली तापत असेल तर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (वीज खाण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. आरटीएक्स ३०८० असेल तर ३२० वॉटचे २५६ होतात आणि एफपीएस जातात ते मोजकेच. हाताशी एक संध्याकाळ मोकळी असेल तर अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवा. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो, म्हणून थोड्या व्होल्टेजमध्ये बरीच उष्णता वाचते. गेम अडकला किंवा बंद पडला तर व्होल्टेज एक पायरी वर घ्या.