शैली की साचा?

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास नागपुरात माझ्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. एका ज्येष्ठ चित्रकारांनी सगळ्या भिंती शांतपणे पाहिल्या आणि विचारले, "अजून किती वर्षे लाकडी नंदीच काढणार?" त्यावरून तिथे वाद रंगला. काहींच्या मते ती माझी शैली होती, तर काहींच्या मते परदेशी गिऱ्हाइकासाठी बसवलेला साचा. दोन्ही बाजूंनी चित्रकार सय्यद हैदर रझांचा दाखला दिला गेला. नागपुरात शिकून १९५० मध्ये फ्रान्सला गेलेल्या रझांच्या चित्रांत, मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडच्या शाळेत गुरुजींनी दाखवलेला बिंदू मुख्य विषय म्हणून यायला पुढे जवळपास तीन दशके लागली, हे मात्र कुणी बोलले नाही.

मी इटलीत बोलोन्याला राहतो. चित्रकार ज्योर्जो मोरांदी (१८९०–१९६४) याच गावचा. त्याने आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि बरण्या रंगवल्या. इथे "बाटल्याच का?" असे कुणी विचारत नाही, एका चित्रातून दुसऱ्यात बाटलीची कड किती सरकली आहे, हे लोक जवळ जाऊन पाहतात. ही नजर आपल्याकडे यावी, असे मला मनापासून वाटते. पण माझ्या नंदीला ती इथेही मिळत नाही, कारण इथल्यांना तो केवळ 'भारत' वाटतो. नागपुरातले पोर मात्र लगेच म्हणते, "काका, याचं एक चाक वेगळं आहे."

ते चाक म्हणजे दोऱ्याचे रिकामे रीळ. लहानपणी माझ्या लाकडी नंदीचे पुढचे डावे चाक तुटले, तेव्हा बाबांनी रीळ ठोकून बसवले. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, तो नंदी घेऊन बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागत घरोघरी फिरताना मी ते तळहाताने झाकत असे.

त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाने अस्वस्थ होऊन, बोलोन्याला परतल्यावर मी जुन्या चित्रांची छायाचित्रे जमिनीवर ओळीने मांडली. पहिल्या नऊ वर्षांत झूल बदलली, रंग बदलले, पण नंदीचे तोंड प्रत्येक चित्रात उजवीकडेच होते, म्हणजे रीळ पलीकडे, नजरेआड. नंतर कधीतरी, माझ्याही नकळत, तो डावीकडे वळला होता. तोच विषय इतक्या वेळा काढला नसता, तर हे मला दिसलेच नसते. मी त्यांना तसे पत्राने कळवले, आणि सध्या फक्त रीळ रंगवतो आहे. त्याला चिकटून राहिलेला निळा दोरा अजून साधलेला नाही.